पाठमोऱ्या गवळणी

तंबाखूचे शेंडे खुडायचे दिवस आले की आमच्याकडं दिवाळी जवळ आली असं समजायचं. खुडणाऱ्या बायकांच्या हातांवर काळा चिकट डिंक चढतो. लिंबानं घासा, राखेनं घासा, तो जात नाही, आणि त्या हाताची भाकरी कडवट लागते. त्याच दिवसांत सकाळी दव पडायला लागतं, बांधावर कुरडूचे तुरे उभे राहतात, कारळ्याचं रान पिवळं होतं आणि हायवेला उसाच्या गाड्या दिसायला लागतात. माझं सगळं आयुष्य निपाणीजवळच्या ह्या काळ्या रानात गेलं. दिवाळी म्हटलं की लोकांना चकली-लाडू आठवतात. मला ती कडू भाकरी आठवते.

यंदा भाकरी कडू लागली नाही. घरात खुडायला जाणारं कोणी उरलं नाही. शेजारची गंगव्वा दोन वेळची भाकरी भिंतीवरून देते. गोड असते.

सदाची आई उन्हाळ्यात गेली. मी तिला जन्मभर ‘सदाची आई’ म्हणूनच हाक मारली, म्हणून इथंही तेच लिहितो. तिला नाव होतं. रेशन कार्डावर आहे. माझ्या तोंडातून ते कधी निघालं नाही, आणि आता काढलं तर कुणा दुसऱ्याच बाईबद्दल बोलतोय असं वाटेल.

आमच्या भागात दिवाळीच्या पाडव्याला दारात शेणाचे पांडव घालतात. गंगव्वा कानडी, ती त्याला हट्टव्वा म्हणते, आम्ही पांडव म्हणतो, शेण एकच. पहाटे अंगण सारवायचं. गाईच्या ताज्या शेणाचे पाच पांडव करून मधे बसवायचे, भोवती शेणाच्याच भिंतीचा वाडा घालायचा आणि वाड्यात गवळणी ठेवायच्या. कुणी ताक घुसळतेय, कुणी जात्यावर बसलीय, कुणाच्या कमरेवर घागर आहे. वर झेंडू, कारळ्याची फुलं, आघाड्याचा तुरा. दूधभाताचा निवद दाखवायचा. दुसऱ्या दिवशी सगळं मोडून त्याच शेणाच्या शेण्या थापायच्या, भिंतीला लावायच्या, आणि रथसप्तमीला त्यांच्या जाळावर दूध उतू घालवायचं. बाकीच्या बायका पाच गोळे बसवतात, फुलं खोचतात आणि पोळ्या लाटायला आत जातात. सदाची आई आत जात नव्हती.

मला त्या दिवसांतलं काय काय आठवतं ते सांगतो. ओल्या सारवणाचा वास आठवतो. चहाला झालेला उशीर आठवतो. माझी आई चुलीपुढून बडबडायची की हिच्या हातात शेण दिलं की ही संसार विसरते, ते आठवतं. सदा तान्हा होता तेव्हा झोळीत रडायचा, आणि ही हात शेणाचे म्हणून झोळीची दोरी कोपरानं ओढायची. झेंडूच्या पाकळ्या वाऱ्यानं उडून माझ्या चहात पडलेल्या आठवतात. पलीकडच्या आळीतून बायका बघायला यायच्या, गडीमाणसंसुद्धा जाता जाता थांबायची, आणि एकदम हशा उठायचा. तो हशा अजून कानात आहे.

एका वर्षी सीमेचं भांडण पेटलं होतं आणि गाड्या बंद होत्या. त्या पाडव्याला तिनं वाड्याच्या दारात शेणाची एसटी केली, आणि एसटीच्या पुढं आडवी, रवंथ करत बसलेली म्हैस. बघणाऱ्यांत दोन्ही बोलीची माणसं होती. गंगव्वा हसता हसता खाली बसली. कुणीतरी विचारलं, वैनी, म्हस कुणाची, कर्नाटकाची का महाराष्ट्राची? तर ही म्हणाली, धार काढंल त्येची. ही गोष्ट मी नंतर बाजारात, लग्नात, मयताला, जिथं बसलो तिथं सांगितली. लोक हसायचे आणि मला बरं वाटायचं.

पण ती एसटी दिसायला कशी होती असं कुणी विचारलं तर मला सांगता येणार नाही. चाकं कशाची केली होती? म्हशीची शिंगं कशी बसवली होती? मी बघितलंच नव्हतं. मी कट्ट्यावर बसून चहाची वाट बघत होतो. ती एसटी मला गंगव्वाच्या हसण्यावरून माहीत आहे.

असं माझं सगळं आठवणं आहे. कडेकडेचं सगळं आहे, मधलं तेवढं नाही.

तिचा हात काही पाडव्यापुरता चालायचा असं नव्हतं. बेंदराला ती मातीचे बैल करायची आणि गल्लीतल्या पोरांना वाटायची. गावचा कुंभार दारावरून जाताना म्हणायचा, वैनी, गरिबाच्या पोटावर पाय देऊ नगा. चुलीपुढं बसली तर कोळशानं चुलवणावर पाखरू काढायची आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच सारवून टाकायची. निपाणीत वखारीत तंबाखू निवडायला जायची तेव्हा तिथं बायका शिंकून शिंकून बेजार व्हायच्या. हिनं तिथं बसून तंबाखूच्या देठांचा उंट केला. उंट तिनं कधी बघितला नव्हता, पाकिटावरचं चित्र बघितलं असेल. मुकादमानं तो पायानं उडवला आणि चार शब्द सुनावले. घरी येऊन हे सांगताना ती हसत होती. तिचं म्हणणं उंट उडाला तेव्हा खराच पळाल्यासारखा दिसला.

‘‘बरोबर बोलला त्यो,’’ मी म्हणालो आणि भाकरी मोडली.

एवढंच. मी काही भांडलो नाही. भांडण आमच्यात फारसं नव्हतंच. मी दारू पीत नव्हतो, हात उगारला नाही, तिच्या माहेरच्यांचा मान ठेवला. गावात मला चांगला नवरा म्हणायचे आणि मीसुद्धा तसंच समजून चाललो. मी फक्त बघत नव्हतो. ह्याला गावात कुणी गुन्हा म्हणत नाही.

म्हातारपणी तिचे गुडघे गेले. उकिडवं बसता येईना तेव्हा ती पाटावर बसून, पाय पुढं पसरून पांडव घालायला लागली. बोटं वाकडी झाली. डोळ्यांत मोतीबिंदू झाला, त्याचं ऑपरेशन बेळगावला करून घेतलं, तरी एका डोळ्याला धूसरच राहिलं. मग ती शेण डोळ्यांजवळ धरून चाचपून बघायची. सदा नोकरीला बेळगावात खासबागेत राहतो. तो दरवर्षी म्हणायचा की अंगणात फरशी घालू या, चिखल होणार नाही. फरशीला मीच नको म्हणालो. त्याचं श्रेय कुणी मला देऊ नये, गाय घसरेल म्हणून नको म्हणालो होतो.

मागच्या पाडव्याला तिला दम लागत होता. पहाटेची थंडी होती. मी कट्ट्यावरून म्हणालो, ‘‘पाच गोळं बसीव आन् आत चल. आता काय नवं करायचं ऱ्हायलंय?’’

‘‘तुमी व्हा म्होरं,’’ ती म्हणाली. ‘‘मी आलेच.’’

ती नेहमी आलेच म्हणायची आणि येत नव्हती. उन्हं अंगणभर झाली तरी तिथंच होती. मी आत टीव्हीवर बातम्या बघत बसलो. कसल्या बातम्या होत्या ते विचारू नका.

उन्हाळ्यात तिला बेळगावला दवाखान्यात ठेवलं. बोलणं कमी झालं होतं, हात मात्र स्वस्थ नव्हते. गोळ्यांच्या पाकिटाची चांदी ती नखानं सोलून काढायची आणि तिचे बैल करायची, करंगळीच्या नखाएवढे. खिडकीच्या कट्ट्यावर त्यांची रांग लागली होती. एक दिवस झाडणारी बाई आली तेव्हा मी ती सगळी चांदी गोळा करून तिच्या डब्यात टाकली. जागा स्वच्छ दिसावी म्हणून टाकली. संध्याकाळी नर्स आली आणि तिनं विचारलं, आजोबा, आजीचे बैल कुठं गेले? मला आधी कळेचना ती कशाबद्दल बोलते आहे. पलंगावरून सदाच्या आईनं माझ्याकडं बघितलं आणि नर्सला हळूच म्हणाली, चरायला गेल्यात.

ती मला सांभाळून घेत होती. दवाखान्यात, नाकात नळी असताना.

तर यंदाची गोष्ट. दसरा झाला आणि सदाचा फोन आला की वर्ष झालेलं नाही, यंदा आकाशकंदील नाही, फराळ नाही, पांडवही नको. त्याची चूक नाही. दुखवट्याच्या वर्षी सण करत नाहीत हे सगळ्यांना माहीत आहे. मी ‘बरं’ म्हणालो. मला ‘बरं’ म्हणायला वेळ लागत नाही.

गंगव्वाला हे भिंतीवरून सांगितलं तर तिनं भाकरीची चवड हातातच धरून ठेवली. तिचं म्हणणं, कंदील आणि फराळ माणसांचा. पांडव गाईचा. दावणीला जनावर आहे तोवर पांडव चुकवायचा नसतो. आणि एकदा चुकला की सण उठतो. हे मला ठाऊक होतं, मीच विसरलो होतो. आमच्याकडं एखाद्या घरचा सण एका वर्षी बंद पडला की तो त्या घराला कायमचा बंद होतो. मग त्याच दिवशी त्या घरी गाय व्याली किंवा मूल जन्मलं तरच तो परत धरता येतो. वरच्या आळीत एका घरची पंचमी अशीच उठली, त्यांच्या तीन पिढ्या वारुळाला गेल्या नाहीत. आमच्या दावणीला एकच गाय आहे आणि ती म्हातारी, आटलेली. ती आता काय व्यायची? घरात मूल जन्माला यायचं तर सदाची एकुलती एक लेक तेजू अजून कॉलेजात आहे.

म्हणजे यंदा अंगण मोकळं राहिलं तर ते मोकळंच राहणार होतं. एवढी वर्षं ती जे करत आली ते तिच्याबरोबर संपलं असं माझ्या एका ‘बरं’नं ठरून गेलं होतं.

मी सदाला परत फोन केला. तो समजूतदार आहे. म्हणाला, आप्पा, घालायचा तर घाला, पण घालणार कोण? मला शेण काढता येतं, खत टाकता येतं, शेणाचं माणूस मी कधी केलेलं नाही.

पाडव्याच्या आदल्या दिवशी तेजू एकटीच बेळगावच्या बसनं आली. पाठीला पिशवी, कानात वायर. गोठ्यात जाऊन तिनं गाईच्या शेणात बोट घालून बघितलं आणि तोंड वाकडं केलं. मग म्हणाली, ‘‘आज्जा, मी करते. तुम्ही फक्त सांगा आजी कशी करायची.’’

फक्त सांगा.

पाडव्याला पहाटे तिनं अंगण सारवलं, वाकडंतिकडं सारवलं, आणि आजीच्या पाटावर बसली. मी कट्ट्यावर बसलो. तिनं मोबाइलवर कुठल्याकुठल्या गावचे पांडव काढून ठेवले होते, मला एकेक दाखवत होती. असे? न्हाय. असे? न्हाय. मग तिनं मोबाइल बाजूला ठेवला आणि हातानं सुरुवात केली. पाच पांडव बसले. त्यात माझं काही अडलं नाही, ते सगळ्यांचे सारखेच असतात. मग पहिली गवळण केली आणि माझ्याकडं बघितलं.

‘‘अशी न्हाय,’’ मी म्हणालो.

‘‘मग कशी?’’

‘‘ठाऊक न्हाय. पण अशी न्हाय.’’

तिनं मोडून परत केली. मी परत नाही म्हणालो. तिसऱ्यांदा तिनं शेणाचा गोळा पाटीत आपटला आणि म्हणाली की आमच्या कॉलेजचे एक सर असेच आहेत, चूक तेवढी दाखवतात, बरोबर काय ते त्यांच्या बापालाही ठाऊक नाही. मी हसलो नाही. कारण माझं ‘न्हाय’ खोटं नव्हतं. जन्मभर मी तिच्या सगळ्याला नाही म्हणत आलो, सवयीनं. पण हे नाही सवयीचं नव्हतं. समोरची बाहुली खरंच चुकीची होती आणि ते मला दिसत होतं. ज्यानं कधी बघितलं नाही त्याला चूक कशी दिसते?

‘‘घागर डाव्या कमरंवर हाय न्हवं,’’ मी म्हणालो. ‘‘मग अंग उजवीकडं कलंल. तू बाभळीच्या खुंटावानी सरळ उभी केलीस.’’

तिनं अंग कलवलं.

‘‘बुचडा खाली घे. मानंवर. ढिला ठेव, सुटायला आल्यावानी.’’

तिनं मक्याच्या कणसाचे केस घेतले आणि बुचडा खाली बसवला. मी कट्ट्याच्या कडेला सरकलो. पदराचं टोक कमरेला मागं खोचलेलं असतं ते सांगितलं. जात्यावरच्या बाईची पाठ सांगितली, काडीनं कण्याची एक रेघ ओढायची आणि ती कमरेजवळ जरा वाकडी काढायची, दळून दळून पाठ तशीच होते. ताक घुसळणारीच्या खांद्यांतला एक पुढं, एक मागं. माझं मलाच नवल वाटत होतं. हे सगळं कुठं होतं? तेजू भराभर करत होती, तिच्या कोपरापर्यंत शेण आलं होतं, आणि अंगणात एकेक बाई उभी राहत होती. मी कट्ट्यावरून बघितलं. त्याच होत्या. मागच्या वर्षी, त्याच्या मागच्या वर्षी, आई जिवंत असताना, सदा झोळीत असताना होत्या त्याच.

‘‘आता तोंड,’’ तेजू म्हणाली. ‘‘नाक कसं करायची? डोळे कशाचे लावायची?’’

मी पटका काढून मांडीवर ठेवला.

‘‘आज्जा?’’

‘‘तोंड ठाऊक न्हाय.’’

‘‘एकीचं तरी सांगा.’’

‘‘एकीचंबी न्हाय.’’

ती माझ्याकडं बघत राहिली. मग तिनं गवळणींकडं बघितलं, मग परत माझ्याकडं. गवळणींची तोंडं रस्त्याकडं असतात. येणाऱ्याजाणाऱ्यानं बघावं म्हणून तशा बसवायच्या, ही रीतच आहे. मी शेतातून परड्याच्या वाटेनं मागच्या दारानं यायचो, आणि पुढं आलो की ह्या कट्ट्यावर बसायचो. कट्टा घराकडं. म्हणजे त्यांच्या पाठीकडं.

‘‘तुम्ही नेहमी इथंच बसायचा होय?’’ तिनं विचारलं. टोचून नाही विचारलं. टोचून विचारलं असतं तर मी काहीतरी उलट बोललो असतो.

‘‘व्हय,’’ मी म्हणालो.

पाच-सहा पायऱ्या उतरायच्या होत्या. पायऱ्या उतरून बाहेरून वळसा घालायचा आणि बघायचं. इतक्या पाडव्यांत मला तेवढं जमलं नाही. गाव यायचं, कुंभार यायचा, भांडणातली माणसं यायची. मी सगळ्यांत जवळ होतो.

तोंडं मग तेजूनं तिच्या मनानं केली. तेवढ्यात गंगव्वा स्वतःचा हट्टव्वा उरकून आली. मी तिला विचारलं की सदाची आई तोंडं कशी करायची, तुला तरी आठवत असेल. ती म्हणाली, यप्पा, ते कसं सांगू, दर वर्षाला वेगळं. त्या वर्षी जे माणूस तिच्या मनात असंल त्याचं तोंड. कधी माझी सासू, कधी वखारीतली कोण, एकदा पोस्टात बसणारी बाई. तेजूनं एका गवळणीच्या कानाशी शेणाचा मोबाइल धरवला होता आणि एकीला काड्यांचा चष्मा घातला होता, ती हुबेहूब सदाची बायको दिसत होती. गंगव्वा तोंडाला पदर लावून हसली. म्हणाली, तिनं बी यंदा ह्येच केलं असतं. तेजूचा चेहरा उजळला. माझ्यावरचं ओझं जरा हललं. सण उठला नव्हता. घरात हात होता.

पाटीत थोडं शेण उरलं होतं. तेजू ते गोठ्याकडं नेणार होती, तर गंगव्वा म्हणाली, ‘‘थांब गं, अण्णाचं कुठाय?’’

‘‘माझं काय?’’ मी म्हणालो.

‘‘तुझं. कट्ट्याच्या पायथ्याला बसवत होती की. उरलेल्या शेणाचं. दर वर्षाला.’’

मग मला आठवलं. कट्ट्याच्या खालच्या पायरीशी एक गोळा असायचा. मी तो उरलेला गोळा समजायचो. एका वर्षी मी त्याच्यावर विडी विझवली आहे.

तेजूनं विचारलं की त्याचं तोंड कुणीकडं असायचं. गंगव्वा परत हसायला लागली. तिला ही जुनी गंमत आठवत होती, तिचा काही दोष नाही. म्हणाली, ‘‘त्याला तोंड कुठलं? नुसती पाठ, डोक्याला पटका. मी म्हणायची, आक्का, ह्येला नाक-डोळे कर की. तर म्हणायची, वळू दे, मग करते.’’

गोठ्यात गाईनं दावं ओढलं.

‘‘रागानं म्हणायची?’’ मी विचारलं.

‘‘राग? न्हाई अण्णा. हसत म्हणायची.’’

राग असता तर मला सोसलं असतं. रागाला माणूस काहीतरी उत्तर देतं. ती हसत होती आणि दर वर्षी माझ्यासाठी थोडं शेण मागं ठेवत होती.

मी पायऱ्या उतरलो. बाहेरून वळसा घालून पुढं आलो, तेजू उठली आणि मी आजीच्या पाटावर टेकलो. पुढून बघितल्या गवळणी. चांगल्या होत्या, तेजूच्या होत्या. चष्मेवाली माझ्याकडंच बघत होती. त्यांच्यात मी सदाच्या आईचं काहीतरी शोधत होतो, ते पुढून सापडेना. तिच्या गवळणींची तोंडं आता कुणीच मला दाखवू शकणार नाही. आणि त्यांच्या डोक्यांवरून समोर माझा कट्टा दिसत होता, चहाचा कप अजून तिथंच होता. इथं बसून हात चालवताना तिला दर पाडव्याला मी दिसत असणार. तोंडापुढं पेपर, चहा, पटका. मान वर केली की मी.

तेजूनं उरलेलं शेण घेऊन कट्ट्याच्या पायथ्याला गोळा बसवला, डोक्याला पटका गुंडाळला, खांदे जरा पाडले. मग दोन जोंधळ्याचे दाणे बोटावर घेऊन तिनं माझ्याकडं बघितलं.

‘‘तोंड करू, आज्जा? आता वळलाय तुम्ही.’’

पोरगी चांगल्या मनानं म्हणाली. तिला वाटलं असेल की एवढ्यानं फिटेल.

‘‘नगं,’’ मी म्हणालो. ‘‘तिनं केलं न्हाय. तूबी करू नगंस.’’

दुसऱ्या दिवशी पांडव मोडायचे होते. हे काम घरच्या मालकिणीचं. ती भराभर मोडायची, तिला त्याचं काही वाटत नसे. बायका हळहळायच्या, अगं राहू दे गं एक दिवस, तर ती म्हणायची, रथसप्तमीला दूध काय तुमच्या हळहळीवर तापवू? गंगव्वा म्हणाली, मालकीण नाही तर मालकानं मोडायचं. तेजूची सकाळची बस होती, तिची पिशवी दारात भरून ठेवलेली होती. मी खाली बसलो. वाड्याची भिंत मोडली, पांडव मोडले, गवळणी एकेक उचलून शेण्या थापल्या. पाठ हाताखाली गेली, तोंड हाताखाली गेलं, चष्मा काढून बाजूला ठेवला. तेजू त्या उचलून भिंतीला लावत होती.

शेवटी तो कट्ट्याजवळचा गोळा राहिला. एका दिवसात तो वरून सुकला होता, आतून ओला होता. मी तो हातात घेतला. मूठभर शेण, थापायला कितीसा वेळ लागतो? तेजूनं दोनदा घड्याळाकडं बघितलं, मग बघायचं सोडून दिलं आणि माझ्याजवळ येऊन बसली. हायवेवरनं गाडीचा हॉर्न आला. तिची बस गेली.

‘‘दुपारची हाय,’’ मी म्हणालो.

‘‘आहे की,’’ ती म्हणाली.